मी पाहिलं नव्हतं

"वाच. मोठ्यानं वाच. सगळ्यांना ऐकू गेलं पाह्यजे."

भाऊंनी स्वतःचा मोबाईल माझ्या हातात दिला. त्यावर माझीच बातमी होती. आदल्या संध्याकाळी मी जालन्याच्या कार्यालयाला पाठवलेली. वर बारीक अक्षरात 'फॉरवर्डेड' लिहिलेलं. म्हणजे आमच्या पेपरच्या कार्यालयानं ती छापली नव्हती. ज्याच्याविरुद्ध होती त्यालाच पाठवून दिली होती.

भाऊ म्हणजे जाफराबादजवळच्या एका कापसाच्या जिनिंगचे मालक, दोन शाळांचे अध्यक्ष, आणि तालुक्यातल्या कुठल्याही बॅनरवर ज्यांचा फोटो सगळ्यात मोठा असतो ते. त्यांच्या ऑफिसात तेव्हा मॅनेजर होता, भाऊंचा मेव्हणा होता, आणि दुसऱ्या दोन पेपरांचे वार्ताहर सोफ्यावर चहा पित होते. एक खुर्ची रिकामी होती. मी तिच्याकडे वळले.

"बसायचं न्हाई. शाळंत कसं उभं राहून वाचतेत, तसं वाच."

मी वाचलं. 'जिनिंगमध्ये महिला कामगाराची चार बोटं तुटली. वर्ष उलटूनही भरपाई नाही.'

"थांब. पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. मेव्हणा हसला. मग सोफ्यावरचे दोघं हसले. त्यातल्या एकाची मुलगी दवाखान्यात होती तेव्हा आठवडाभर त्याच्या बातम्या मी लिहून दिल्या होत्या. तोही हसला. मी एकेक ओळ वाचायची, भाऊ प्रत्येक ओळीनंतर मॅनेजरला विचारायचे, "खरं का रे?" मॅनेजर मान हलवायचा, "बिलकुल न्हाई भाऊ." असं करत करत पूर्ण बातमी झाली. मी एकही शब्द गाळला नाही. चांगल्या मुलीसारखं सगळं वाचून दाखवलं.

"तुझा बाप माझ्याच गेटावर कापसाच्या गाठी उचलीत होता," भाऊ म्हणाले. "त्याच्या पोरीच्या हातात पेन आम्हीच येऊ दिलं. आमचीच चूक."

आणि मी काय म्हणाले? "चुकलं असंल, भाऊ."

हे कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही. आपोआप तोंडातून आलं. त्या अपमानापेक्षा माझं हे वाक्य मला जास्त जाळतं. आजही.

मग भाऊंनी काम सांगितलं. त्या बाईनं कोर्टात भरपाईचा दावा लावलेला. मी एक पत्र लिहून द्यायचं. अपघाताच्या दिवशी मी स्वतः जिनिंगवर आले होते, बाईला डोळ्यांनी पाहिलं, तिला थोडं खरचटलं होतं आणि ती चालत घरी गेली, असं.

"उद्या देते," मी म्हणाले आणि बाहेर पडले.

असं पत्र माझ्याकडूनच का हवं होतं, ते सांगते. यात माझीही लाज आहे.

अकरा वर्षं मी एका मोठ्या दैनिकाची जाफराबादची वार्ताहर होते. पगार नाही. जाहिराती आणायच्या, त्यातून जे सुटेल ते आपलं. गळ्यात कार्ड. ते दर वर्षी नवं व्हायचं, पण पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची पुरवणी भरून दिल्यावर. बातमीवर माझं नाव कधी नसायचं. 'प्रतिनिधी, जाफराबाद' एवढंच. पत्रकार परिषदेत मी एकटी बाई. पुरुष वार्ताहर प्रश्न विचारायचे, म्हणजे पुढाऱ्याला जे सांगायचं असेल तेच विचारायचे, आणि मला म्हणायचे, ताई, तुम्ही हळदीकुंकवाचं करा.

बातमी कशी तयार होते हे लोकांना माहीत नाही. लोकांना वाटतं, वार्ताहर गाडीवर बसतो, जागेवर जातो, चार माणसांना विचारतो. आमच्याकडे मोबाईलवर मेसेज येतो. कारखान्याचा, संस्थेचा, पुढाऱ्याच्या पोऱ्याचा. आपण पहिली ओळ बदलायची, खालची तीन तशीच ठेवायची आणि पाठवून द्यायचं. कोणी जागेवर गेलाच तर बाकीचे हसतात. एवढा रिकामा वेळ आहे का तुला, म्हणतात. मीही हसत होते त्यांच्याबरोबर.

अपघाताच्या दिवशी मी स्टँडजवळच्या फोटो स्टुडिओत बसले होते. भाऊंच्या वाढदिवसाची पुरवणी होती, त्यांचा कोणता फोटो पहिल्या पानावर टाकायचा ते बघत होते. फेट्यातला की बिनफेट्याचा. तेवढ्यात जिनिंगच्या मॅनेजरचा मेसेज आला. 'कापूस मशीनमध्ये टाकताना महिला कामगार किरकोळ जखमी, प्रथमोपचार करून घरी सोडले.' जिनिंग तिथून दहा मिनिटांवर. मी गेले नाही. चार ओळी टाईप केल्या आणि जालन्याला पाठवल्या. आणि चार ओळी थोड्या उघड्या वाटल्या म्हणून शेवटी एक वाक्य माझ्या पदरचं घातलं. 'व्यवस्थापनाच्या तत्परतेमुळे मोठा अनर्थ टळला.'

ते वाक्य मेसेजमध्ये नव्हतं. मला कुणी सांगितलंही नव्हतं. इतकी वर्षं तसंच लिहून हाताला वळणच पडलं होतं.

बातमी आतल्या पानावर आली. मी कापून फाईलला लावली आणि विसरून गेले.

वर्षभरानं मी जालन्याला जायला जीपच्या थांब्यावर उभी होते. काळी-पिवळी भरायची होती. एक बाई जवळ आली. पंचेचाळिशीची असेल. उजवा हात पदराखाली.

"पेपरवाल्या ताई तुम्हीच का?"

"हो. काय काम होतं?"

तिनं डाव्या हातानं पिशवीतून एक झेरॉक्स काढली. माझीच बातमी. वकिलानं त्यावर निळ्या शाईनं रेघा मारलेल्या.

"मी मंदा. ह्यात जी बाई हाये ना, ती मी. कोर्टात त्येंच्या वकिलानं हे दाखवलं. म्हणला, ही बाई जिनिंगमधून धडधाकट घरी गेल्ती, पेपरात छापून आलंय. बोटं मंग घरी कडबा कुट्टीच्या मशीनीत गेली असं म्हणला." ती थांबली. "आमच्याकडं कुट्टी न्हाई ताई. जनावरच न्हाई तर कुट्टी कशाला?"

जीपवाला ओरडत होता, भोकरदन, जालना, चला चला. मी ती झेरॉक्स वाचल्यासारखं करत होते.

"मला वाचता येत न्हाई. पोरीनं वाचून दाखवलं. म्हणून इचारून राह्यले. तुम्ही मला पाह्यलं व्हतं का त्या दिवशी?"

"नाही."

"मंग लिहिलं कसं?"

तिनं पदर बाजूला केला. अंगठा होता. बाकी पंजा गाठोड्यासारखा शिवलेला, टोकाला कातडी चकचकीत.

"तुमचं पाह्यचं राह्यलं व्हतं," ती म्हणाली. "आता पाहून घ्या."

आवाज चढवला नाही. शिवी दिली नाही. मी जालन्याला गेले नाही त्या दिवशी. जीप निघून गेली आणि मी थांब्यावरच्या बाकड्यावर बसून राहिले. मला तिचा राग आला होता, हेही सांगून टाकते. चारचौघांत माझी चोरी पकडली म्हणून.

पण राग फार टिकला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी जे वर्षापूर्वी करायला हवं होतं ते केलं. त्या पाळीला तिच्याबरोबर कामाला असलेल्या दोन बायकांना गाठलं. त्यांनीच तिचा हात लुगड्यात गुंडाळून तिला टेम्पोत घातलं होतं. "रगत पाण्यावानी वाहत व्हतं अन् मॅनेजर म्हणतो, टेम्पोची सीट खराब करू नका," एक जण म्हणाली. नाव मात्र छापू नका म्हणाली. मंदाबाईकडे दवाखान्याचे कागद होते. दाखल केल्याची तारीख अपघाताचीच होती, वेळ अपघातानंतर अर्ध्या तासाची. कडबा कुट्टीची गोष्ट तिथंच खोटी ठरत होती.

सगळं लिहिलं. जालन्याला पाठवलं. आणि दुसऱ्या दिवशी भाऊंच्या ऑफिसात उभं राहून वाचलं.

त्या संध्याकाळी जिल्हा प्रतिनिधींचा फोन आला. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो.

"हे बघ, भावनेच्या भरात पत्रकारिता होत नाही. तू लिहिलेली पहिली बातमी खोटी म्हणजे आपला पेपर खोटा. हेच म्हणायचंय का तुला?"

"साहेब, पण बाईची बोटं..."

"बोटांचं कोर्ट बघेल ना. तू कशाला मध्ये? वाढदिवसाची पुरवणी तोंडावर आहे. पत्र मीच टाईप करून पाठवतो. तू फक्त सही कर, विषय संपव."

हेच साहेब दरवर्षी पत्रकार दिनाला माईक हातात घेऊन सांगतात, लेखणी विकणार नाही, सत्तेपुढे झुकणार नाही. कार्यक्रम भाऊंच्या मंगल कार्यालयात. शाल भाऊंची, नारळ भाऊंचा, जेवण भाऊंचं. आम्ही सगळे ओळीनं उभे राहून सत्कार घेतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचीच बातमी करतो. निर्भीड पत्रकारांचा गौरव. मी स्वतः तीनदा लिहिली आहे ती.

घरी आबांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं. आबांनी जन्मभर हमाली केली. मला वाटलं, ते चिडतील, म्हणतील लढ. ते भाकरी मोडत म्हणाले, "करून टाक सही. गाठ पाठीवर असली की मान वर करायची नसती. केली की गाठ पडती."

"माझ्या पाठीवर गाठ नाही आबा."

"हाये. तुला दिसून न्हाई राह्यली."

मला तेव्हा त्यांचा संताप आला. म्हातारा आयुष्यभर वाकला आणि आता मलाही वाकवतोय. ताट तसंच ठेवून उठले. पण सकाळी काय केलं? साहेबांनी पाठवलेल्या पत्राची प्रिंट काढली आणि जिनिंगवर गेले. सही करायला. होय, सही करायलाच गेले होते. आबांवर चिडून उठलेली मी त्यांचंच ऐकायला निघाले होते.

ऑफिसात तीच माणसं. फक्त आज वार्ताहर दोघांऐवजी तिघं होते. सहीची बातमी व्हायची होती बहुतेक.

"वाच," भाऊ म्हणाले. "मंग सही कर. बराबर लिहिलंय का ते सगळ्यांना कळू दे."

त्यांना कालची गंमत पुन्हा बघायची होती. एवढंच. नुसती सही मागितली असती तर मी केली असती. आज मी ही अशी बोलत नसते.

मी वाचायला लागले. नाव वाचलं. गाव वाचलं. 'मी स्वतः घटनास्थळी उपस्थित राहून सदर महिलेस प्रत्यक्ष पाहिले असून...'

पुढं जाता येईना. पंजावरची ती चकचकीत कातडी समोर आली. टाईप करताना असं होत नाही. टाईप करताना डोकं दुसरीकडे असतं, हात चालत असतात. स्वतःच्या आवाजात म्हणायला गेलं की ते स्वतःलाच ऐकू येतं.

"काय झालं? जल्दी वाच."

"हे खोटं आहे."

"काय?"

"मी पाहिलं नव्हतं. मी इथं आलेच नव्हते. तुमच्या मॅनेजरनी मेसेज पाठवला, तो मी छापायला दिला. मेसेज अजून आहे माझ्या मोबाईलमध्ये."

मॅनेजर उठून उभा राहिला. सोफ्यावरच्या तिघांनी चहाचे कप खाली ठेवले. काही शूर वगैरे नव्हते मी. रडू फुटेल अशी भीती वाटत होती, आणि यांच्यासमोर रडायचं नाही एवढंच डोक्यात होतं.

"आपलीच बातमी आपणच खोटी म्हणतीस?" भाऊ म्हणाले. "उद्या तुला तालुक्यात कोण इचारंल?"

"कोणीच नाही."

"तो कागद ठेव अन् नीघ इथून."

"कागदावर माझं नाव आहे. माझा आहे तो."

घडी घातली, पर्समध्ये टाकला, निघाले. गेटपर्यंत कोणी मागं आलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी शेठजींचा फोन आला. ते आमच्याकडे पेपर वाटतात. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. "बेटा, आज पेपर नको बघू," म्हणाले. मी लगेच जाऊन पाहिला. तिसऱ्या पानावर माझा फोटो. कार्डावरचा. खाली चौकट. सदर महिलेचा आमच्या दैनिकाशी कोणताही संबंध राहिलेला नाही, तिच्याशी कोणीही व्यवहार करू नये, केल्यास दैनिक जबाबदार राहणार नाही. पळून गेलेल्या नोकराची देतात तशी नोटीस.

आणि त्यात माझं पूर्ण नाव होतं. अकरा वर्षांत पेपरनं माझं नाव पहिल्यांदा छापलं. अगदी ठळक अक्षरात.

पत्रकारांच्या तीन ग्रुपमधून मला त्याच दिवशी काढलं. ज्याच्या मुलीच्या आजारपणात मी बातम्या लिहिल्या होत्या त्याचा वेगळा मेसेज आला, 'ताई, मनाला लावून घेऊ नका.' मी वाचला आणि पाच मिनिटांत त्यानं तो पुसून टाकला. आबा दोन दिवस बोलले नाहीत. गल्लीत बायका विचारायच्या, काय गं, पैसे खाल्लेस का पेपरचे? नोटिशीचा अर्थ लोक तसाच लावतात. ज्यांनी ती छापली त्यांनाही हे माहीत असतं.

मी मंदाबाईच्या वकिलांना जाऊन भेटले. ते म्हणाले, कात्रणाला कोर्टात तसं फार वजन नसतं. पण लिहिणारीनंच येऊन सांगितलं की हे न बघता लिहिलंय, तर त्यांचा कडबा कुट्टीचा मुद्दा ढिला पडतो. मी येईन म्हणाले.

जालन्याला कोर्टात भाऊंचा वकील माझ्यासमोर उभा राहिला.

"म्हणजे तुम्ही न पाहता बातमी लिहिली?"

"हो."

"'व्यवस्थापनाच्या तत्परतेमुळे' हे वाक्य तरी मॅनेजरनी पाठवलं होतं का?"

इथं मला सुटता आलं असतं. मेसेजमधलं होतं म्हटलं असतं तर अर्धी लाज वाचली असती. मंदाबाई मागच्या बाकावर बसली होती.

"नाही. ते मी घातलं. माझ्या मनानं."

"म्हणजे तुम्ही खोटारड्या आहात?"

"त्या दिवशी होते."

वकील कोर्टाकडे बघून हसला. त्याला वाटलं, त्यानं मला उघडं पाडलं. पाडलंच होतं. पण मी त्यासाठीच तर गेले होते.

बाहेर आल्यावर मला वाटलं, मंदाबाई काहीतरी बोलेल. चांगलं. माणसाचं असतं तसं, एवढं करून आल्यावर दोन शब्दांची भूक असते. ती पायऱ्या उतरता उतरता म्हणाली, "एवढं तवाच केलं असतं तर." आणि एसटी पकडायला गेली. निकाल अजून लागलेला नाही. तारखा पडताहेत. तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते मी ऐकून घेतलं.

घरी येऊन मी माझी कात्रणांची फाईल काढली. अकरा वर्षांची. पूर्वी पाहुण्यांना दाखवायचे ती. एकेक पान उलटत गेले आणि स्वतःला एकच विचारत गेले, इथं मी गेले होते का? 'पाण्याची टाकी कार्यान्वित, ग्रामस्थांत समाधान.' गेले नव्हते. 'खिचडीतून विषबाधा ही अफवा, विद्यार्थी सुखरूप.' गेले नव्हते. 'विवाहितेचा विहिरीत पाय घसरून मृत्यू.'

त्या पानावर हात थांबला. बावीस वर्षांची होती ती. पाय घसरून, हे मला कुणी सांगितलं होतं? सासरच्यांच्या ओळखीतल्या एकानं, मोबाईलवर. मी तिच्या आईला विचारलं नव्हतं. विहीर पाहिली नव्हती. तीन ओळी लिहिल्या आणि जेवायला बसले होते.

त्या मुलीचं माहेर इथून दोन तासांवर आहे. उद्या सकाळच्या गाडीनं मी जाणार आहे. माझ्याकडे कार्ड नाही, पेपर नाही. तिची आई मला दारातून हाकलून देईल, तिला तो हक्क आहे. मी दारात उभी राहीन. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन. ती जे सांगेल ते ऐकेन, विहीर बघेन, आणि जेवढं खरं सापडेल तेवढंच लिहीन. छापायला कोणी घेणार नाही हे मला माहीत आहे. झेरॉक्स काढीन आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर चिकटवीन, भाऊंच्या बॅनरच्या बरोबर खाली. फाडतील.

मी पुन्हा चिकटवीन.